सिदू आबांची हाळी आणि नवा टॅब

टॅबचं मागचं झाकण उचकटलं आणि मी खुर्चीसकट मागं सरकले. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. तिच्या रेट्यानं समोरची काच एका कडेनं उचलली होती, आणि हे असलं प्रकरण मायाक्का वडापच्या, माणसांनी गच्च भरलेल्या जीपमधून पोटाशी धरून, वर पदर झाकून घेऊन आली होती.

"आवं मायाक्का, बाँब हाय ह्यो बाँब! पोटाशी धरून आणलासा?"

"मग काय टपावर टाकू?" ती म्हणाली. "ह्यात आमच्या मालकांचा आवाज हाय."

मी बॅटरीची वायर सोडवली, बॅटरी चिमट्यात धरून मागच्या दारी वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली आणि मग कुठं श्वास घेतला. इतकी वर्षं हा धंदा केला, पण इतकी फुगलेली बॅटरी कधी बघितली नव्हती. आणि हा तर नुसता पहिला धक्का होता. त्या टॅबनं त्या आठवड्यात मला जे दाखवलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मी सुमन. मोबाइल आणि टॅब दुरुस्त करते. माहेर-सासर दोन्हीकडं कुणी स्क्रू ड्रायव्हरला हात लावलेला नाही. उंब्रजला हायवेच्या कडेला माझं एसटीडीचं बूथ होतं. बूथ बसलं तेव्हा रडत न बसता कराडला जाऊन दुरुस्ती शिकले. आमचे मालक फौजेतून पेन्शनीत आले आणि त्यांच्या गावाकडं, कवठे महांकाळला आम्ही बिऱ्हाड आणि दुकान दोन्ही हलवलं. बाई दुरुस्ती करते म्हणून सुरुवातीला लोक गंमत बघायला यायचे. बघा की! बघता बघता त्यांचेच मोबाइल पडायचे आणि माझ्याकडंच यायचे.

दुरुस्तीपेक्षा लोकांना माझ्याकडून दुसरंच काहीतरी हवं असतं. "वहिनी, नवा घेऊ का ह्योच चालवू?" दिवसभर हा एक प्रश्न. लग्नाच्या स्थळाबद्दल विचारावं तसं विचारतात. सांगितलं तरी पंचाईत, न सांगितलं तरी पंचाईत. शिवाय माझ्याकडं नवेही विकायला असतात, तेव्हा माझ्या शब्दावर निम्म्यांचा विश्वास नसतो.

बाहेरच्या माणसाला म्हणून सांगते. टॅब म्हातारा होतो तो दोन ठिकाणी. एक बॅटरीत, ती कधीतरी मरणारच. दुसरं म्हणजे कंपनी त्याच्याकडं पाठ फिरवते, नवं काही पाठवायचं बंद करते, मग एकेक ॲप उघडायला नकार देतं. ह्या दोन्हींना इलाज आहे किंवा निदान उत्तर तरी आहे. पण बऱ्याच वेळा टॅब ठणठणीत असतो आणि मालकाचं मन उडालेलं असतं. शेजाऱ्यानं नवा घेतलेला असतो. त्यावर माझ्याकडं काही औषध नाही.

उंब्रजला एक रिटायर सुभेदार यायचे. टॅब चामड्याच्या म्यानात, काच आरशासारखी पुसलेली. काउंटरवर ठेवायचे, दोन पावलं मागं सरकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, इसका मेडिकल कर लो. फिट असेल तर ड्यूटीवर ठेवतो, अनफिट असेल तर पेन्शन." मी तपासून "फिट" म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू त्यांचंच मेडिकल झालंय. त्यांनी शेवटपर्यंत नवा घेतला नाही.

उलट पलूसचे एक द्राक्षबागायतदार. "चार्जच होईना, टाकून द्यायचाय, भारीतला भारी दाखवा," म्हणत आले. मी भिंग लावून चार्जिंगच्या भोकात बघितलं आणि सुई घातली. बेदाणा निघाला. चांगला हिरवा, लांबट, एक नंबरचा बेदाणा! नातवानं टॅबला खाऊ घातला होता. मी तो कागदावर ठेवून त्यांच्या पुढ्यात सरकवला. ते बेदाण्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, "आमच्याच शेडवरचा हाय." तरी पठ्ठ्यानं नवा टॅब घेतलाच. मन उडालं होतं, दुसरं काय.

तर मायाक्काचं सांगत होते.

मायाक्काचे मालक सिदू आबा. पिढीजात मेंढपाळ. भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून द्राक्ष, डाळिंब लावलं. आबांनी कळप ठेवला. आधी घाटापर्यंत मेंढरं घेऊन जायचे, आता वय झालं तसं जवळपासच्या शिवारात फिरायचे. शेतकरी बोलावून मेंढरं रानात बसवून घ्यायचे, कारण लेंडीखतासारखं खत नाही. तीन वर्षांपूर्वी आबांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता गळ्याला एक भोक, त्यावर पातळ फडकं. श्वास तिथून चालतो आणि तोंडातून शब्द म्हणून एक येत नाही.

मेंढपाळाचा आवाज जाणं म्हणजे काय, हे मला आधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, कुत्रं असतं, काठी असते. मायाक्कानं मला वेड्यातच काढलं. "कुत्रं हाकलतंय, सुमन. बोलवतंय व्हय?" मेंढरू बोलवायला हाळी लागते. प्रत्येकाची हाळी वेगळी, आणि एकाचा कळप दुसऱ्याच्या हाळीला ढुंकून बघत नाही. दोन कळप एकमेकांत मिसळले तर दोघं दोन बांधांवर उभे राहून हाळी देतात आणि मेंढरं आपापल्या धन्याकडं वेगळी होऊन चालत जातात.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी हे डोकं लढवलं मायाक्कानं. त्यांचा मुलगा दत्ता. तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायच्या धंद्यात, आमच्याकडं त्याला गलाई म्हणतात. पोरगा मिसरूड फुटायच्या आधीच तिकडं गेलेला, रानातली हाळी ऐकून त्याला वर्षं लोटलेली. त्यानं व्हिडिओ कॉलसाठी घरी टॅब दिला होता. फोनवर त्याला विचारून विचारून तिनं आवाज भरायचं शिकून घेतलं आणि दिवस कलताना आबा रानातून कळप बोलावत असताना ती हाळी भरून घेतली. ऑपरेशन झालं, आबा घरी आले, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी टॅब छातीशी धरून रानात गेले. बटण दाबलं. मेंढरं आली. मायाक्का हे सांगताना दर वेळी थांबायची आणि मला म्हणायची, "आली गं." जणू मी नाही म्हटलं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांतच टॅब पाण्याच्या डबक्यात पडला. मी वाळवून चालू केला, पण स्पीकरचा पडदा फाटला होता. आवाज चरचरायचा, रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखा. "बदलून देते," म्हटलं तर आबांनी हातानं नाही केलं. मेंढरं येतायत ना, मग कशाला हात लावायचा? मी म्हटलं, राहू दे.

आणि आता ही बॅटरी. सांगली, मिरज, कोल्हापूर, सगळीकडं फोन फिरवले. ते मॉडेल कधीच बंद झालेलं. एका दुकानात एक बॅटरी निघाली, तिचंही पोट सुटलेलं. मी मायाक्काला स्पष्ट सांगितलं, "हा परत देणार न्हाई. आबांच्या बंडीत ह्यो फुटला तर मी तोंड कुठं लपवू? नवा घ्या."

दुसऱ्या दिवशी तिघंही दुकानात. दत्ता सुट्टीवर आला होता. पोरगा चांगला, पण घाईचा. काउंटरवरच त्यानं हिशेब मांडला.

"काकी, खरं सांगू का? आबाचं वय झालंय. एक व्यापारी कळप बघून गेलाय. नवा टॅब मी घेतो. त्याच्यावर मेंढरं आली तर कळप ठिवू, म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या काढू, फुकट चारा खात्यात. आन न्हाई आली तर समदी इकू आन ह्या दोघास्नी माझ्यासंगट न्हेतो. सांजच्याला व्यापाऱ्याला फोन करायचाय."

आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ऐकत होते. काठीवरची बोटं पांढरी पडली होती. मायाक्का माझ्या कानाशी आली. "ह्यो माणूस मेंढराबिगर साल काढायचा न्हाई, सुमन. नीट कर बाई."

मी नीट केलं. जुन्या टॅबच्या बोर्डाला बाहेरून वीज जोडली, बॅटरीशिवाय तो उठवला, वायर लावून हाळी जशीच्या तशी नव्यात घेतली. मोबाइलवरून पाठवली तर आवाज दाबला जातो, म्हणून वायरच. नव्या टॅबचे स्पीकर काय होते, वा! एक भक्तिगीत लावून दाखवलं, अख्खं दुकान भरलं. दत्ता खूश. मी हाळी लावायला बोट उचललं आणि आबांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड अशी की बोटं वळेनात.

"न्हाई, न्हाई," मायाक्का घाईनं म्हणाली. "हितं न्हाई लावायची. मेंढरू समोर नसताना हाळी देत न्हाईत. खोटी हाळी व्हतीया ती. आमच्यात कुणीच देत न्हाई."

खरंच, तीन वर्षांत माझ्या दुकानात ती हाळी एकदाही वाजली नव्हती. स्पीकर तपासायलासुद्धा मी दुसरंच काहीतरी लावायचे. रिवाज आहे, राहू दे, म्हणून मी बोट मागं घेतलं. म्हणजे नव्या टॅबमधून हाळी कशी ऐकू येते, हे तोवर कुणीच ऐकलं नव्हतं. मी नाही, आबांनी नाही, कुणीच नाही.

"पहिल्या टायमाला तू ये रानात," मायाक्का म्हणाली. दुकानाला कुलूप घातलं आणि गेले.

बाजरी काढलेलं रान होतं. मेंढरं लांबवर पांगलेली, पार पलीकडच्या बांधापर्यंत. आणि बांधापलीकडं द्राक्षबाग. छाटणी होऊन कोवळी फूट आलेली, पानं निळसर दिसत होती. औषधाचा वास आमच्यापर्यंत येत होता.

"सकाळीच फवारा मारलाय," मायाक्का म्हणाली. "तोंड लावलं तर जागच्या जागी आडवी व्हत्यात."

कुत्रं आबांनी मुद्दाम बांधून ठेवलं होतं. टॅबवर येतात का हे बघायचं होतं ना. कळपातली कोवळी जनावरं सगळ्यात पुढं, बागेच्या तोंडाशी. आबांनी टॅब दोन्ही हातांत उंच धरला आणि बटण दाबलं.

आवाज उठला. अहो, काय आवाज होता तो! भरदार, खालून वर चढत जाणारा, टोकाला जरा फाटून पुन्हा सावरणारा. जुन्या टॅबची ती चरचर मीही लांबून कधीतरी रानात ऐकली होती. त्यातला आणि ह्यातला माणूस एकच आहे हे मला पटेचना. मायाक्का उभ्या जागी खाली बसली. तोंडाला पदर लावला. "ह्यांचा हाय," ती म्हणाली. "आगं, ह्यांचाच हाय. तीन सालं झाली गं, म्या इसरलेच हुते कसा व्हता त्यो." आबांचा एक हात नकळत गळ्याच्या फडक्याकडं गेला होता. स्वतःचाच आवाज ऐकून माणूस असा भेदरलेला मी पहिल्यांदा बघितला.

आणि मेंढरं? एकानंसुद्धा मान वर केली नाही.

आबांनी पुन्हा लावली. आवाज पूर्ण मोठा केला. काही नाही! पुढची कोकरं बांध चढायला लागली. दत्ता माझ्याकडं वळला, चेहरा पडलेला.

"काकी, ह्यो कुणाचा आवाज घातलासा? चुकून दुसरंच काय आलंय का बघा की!"

"दत्त्या," मायाक्का खालूनच ओरडली, "तुझा बा हाळी देतोय रं!"

दत्ता वळून आबांच्या हातातल्या टॅबकडं बघायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, आणि झालं नसतं तर बरं, असं वाटलं. हा कळप बहुतेक गेल्या तीन वर्षांत जन्मलेला. ह्यांनी आबांचा गळा कधी ऐकलाच नव्हता. ह्यांचा धनी म्हणजे तो फाटका स्पीकर, डब्यातले खडे. मी माणसाच्या कानानं विचार केला होता. आवाज जितका स्वच्छ तितका चांगला! मी फुशारकीनं भारीतला स्पीकर निवडला आणि ह्या मेंढरांच्या दृष्टीनं एक परका माणूस आणून रानात उभा केला. जुना स्पीकर दुकानात खोक्यात पडला होता. आणायला अर्धा तास तरी गेला असता, आणि कोकरांपासून बाग दहा पावलांवर.

"कुत्रं सोडा!" मी ओरडले. दत्ता कुत्र्याकडं धावला. मायाक्का उठून बागेकडं पळायला लागली, हातानं हुसकावत, पण अंतर फार होतं. आबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

कळपाच्या पार मागं, बाभळीखाली, काही म्हाताऱ्या मेंढ्या सावली धरून बसल्या होत्या. दात झिजलेल्या, पोटं ओघळलेल्या, ज्या व्यापाऱ्याला द्यायच्या ठरल्या होत्या त्याच. त्यातली एक उठली. भुरकट रंगाची, एका कानाचं टोक तुटलेलं. तिनं मान वर केली आणि ऐकलं. खरंच सांगते, ऐकलं. मग ती ओरडली. असलं ओरडणं मी मेंढीचं ऐकलेलं नाही. हरवलेलं कोकरू सापडल्यावर ओरडतात तसं, असं मायाक्कानं नंतर सांगितलं. आणि ती पळत सुटली. म्हातारी मेंढी, पायात गोळे, अडखळत, पण पळत. तिच्यामागं दुसरी उठली, तिसरी उठली. बाभळीखालच्या सगळ्या उठल्या आणि ओरडत ओरडत आबांच्या दिशेनं निघाल्या.

म्हाताऱ्या निघाल्या तशी मधली मेंढरं वळली. त्यांना आवाज कळला नव्हता, पण म्हाताऱ्या कुठं निघाल्यात ते कळत होतं. मेंढरू मेंढरामागं जातं. वळण सरकत सरकत पुढं गेलं, आणि बांधावर चढलेली कोकरं मागं बघून थबकली. एक उतरलं. मग सगळीच उतरली. दत्ताच्या हातात कुत्र्याची दोरी तशीच होती, सोडायची वेळच आली नाही.

मी मटकन बांधावर बसले. धुरळा उडवत सगळा कळप आबांभोवती गोळा झाला. ती भुरी मेंढी टॅबकडं गेलीच नाही. ती थेट आबांना भिडली, दोन्ही पुढचे पाय त्यांच्या मांडीवर टाकून तोंड वर करून उभी राहिली. आबांचे खांदे हलत होते. गळ्याच्या फडक्यातून फस्-फस् श्वास येत होता आणि डोळ्यांतून पाणी. त्यांनी टॅब बंडीच्या आत छातीशी सारला आणि बटणं लावून टाकली. माझ्याकडं बघून मान हलवली. नवा टॅब राहणार, एवढं मला कळलं.

तेवढ्यात दत्ताचा फोन वाजला. व्यापारीच होता, सांजेची वाट न बघता त्यानंच लावला होता. दत्तानं फोन कानाला लावला, पण डोळे भुरीवरून हलले नाहीत.

"न्हाई. न्हाई इकायची," तो म्हणाला. "समदा कळप ठिवायचाय."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली.

"व्हय, म्हाताऱ्या बी न्हाई." तो दोन पावलं बाजूला गेला. "कशाला म्हंजे? आवं, आबाच्या पोटचा पोरगा म्या, मला त्यांचा आवाज वळखू आला न्हाई. ह्या मेंढ्यास्नी आला."